लिपी ही उपाधी आहे काय?

हुबळीच्या कमरीपेठेत कानडी, मराठी आणि सावजी मंडळींची घरची बोली एकाच ओट्यावर सुखाने नांदतात. परंतु तोंडाने जे सहज निभते ते कागदावर उतरले की त्याचे पक्ष पडतात, आणि कानडी ‘क’चे वळण निराळे व देवनागरी ‘क’चे निराळे, एवढ्या निराळेपणापायी आमच्या सीमाभागात किती अर्ज गुदरले आणि किती दफ्तरे बांधली गेली याची मोजदाद कोणी ठेवली नसावी. मात्र १९५१ साली भारतीय भाषांकरिता जी समाईक ब्रेल लिपी मान्य झाली, तिच्यात कानडी ‘क’ आणि मराठी ‘क’ एकच आहेत : डाव्या रांगेतला वरचा ठिपका आणि खालचा ठिपका. अंध मुलाच्या बोटाला तो तंटा ठाऊकच नाही. ‘कि’ लिहिताना जी वेलांटी आपण ‘क’च्या डावीकडे काढतो, तीही ब्रेलमध्ये उच्चाराच्या क्रमाने ‘क’नंतर येते. डोळ्याची सवय गळाली, ध्वनी राहिला. तेव्हा वस्तूला चिकटलेली पण वस्तू नव्हे अशी जी वेदान्त्यांची उपाधी, तीच लिपी होय, असा निवाडा येथेच देऊन टाकण्याचा मोह होतो.

गणिताचे पुस्तक समोर आले म्हणजे हा निवाडा डळमळतो. अक्षराच्या खांद्यावर बसवलेला लहानसा ‘२’ हा घातांक आहे की तळटीपेचा आकडा, ठळक टाइपातले अक्षर सदिश राशीचे आहे की केवळ ठसकेबाजपणासाठी ठळक केलेले आहे, हे डोळस वाचक स्वतःस न विचारताच समजून घेतो. ब्रेलमध्ये मजकूर उतरवणाऱ्यास ही मोकळीक नाही. सहा ठिपक्यांच्या घरातून चिन्हे होतात ६३. खांदा नाही, पायथा नाही. बोट डावीकडून उजवीकडे सरकते, आणि जे अवकाशात मांडलेले होते ते काळात सांगावे लागते. अमेरिकेतील जन्मांध गणिती अब्राहम नेमेथ यांच्या १९५२ सालच्या संकेतात घातांकापूर्वी ‘वर चढलो’ असे सांगणारे चिन्ह येते आणि मूळ ओळीवर परतल्याचेही चिन्ह येते. अपूर्णांक उघडल्याचे एक, मधल्या रेघेचे एक, मिटल्याचे एक. म्हणजे नक्कल करणाऱ्याने आधी अर्थ जाणला पाहिजे, कोणते रूप अर्थाचे आणि कोणते शोभेचे हे निवडले पाहिजे. नित्यानित्यविवेक हा मुमुक्षूचा पहिला अधिकार मानला आहे, तो येथे कारकुनाच्या माथी येतो. (गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई या दोघा अंध गुरूंनी गायकांच्या पिढ्या घडवल्या, पण राग मुळातच काळात राहतो, त्याला कागदाचा विस्तार लागत नाही. गणिताची अडचण निराळी.)

पुण्यात वाढलेल्या संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. वाडिया महाविद्यालयात गणित आणि पुढे मुंबईच्या आयआयटीत शिक्षण घेऊन त्यांनी १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठात जो प्रबंध सादर केला, त्यातील ‘आस्टर’ नावाची संगणकप्रणाली गणिती लेख मोठ्याने वाचून दाखवी. आणि ते शक्य झाले ते छापील पानावरून नव्हे, तर पानापूर्वीच्या मसुद्यावरून. डोनाल्ड कनूथ यांच्या ‘टेक’ आणि त्यावर उभारलेल्या ‘लॅटेक’ या जुळणीच्या पद्धतींत लेखक अपूर्णांकाचे चित्र काढीत नाही; ‘येथे अपूर्णांक आहे, हा त्याचा अंश, हा छेद’ असे लिहितो. ब्रेलचे रूपांतरही याच मसुद्यावरून सुकर होते, कारण छपाईनंतर उरते ते शाईच्या जागांचे पंचनाम्यासारखे टिपण. अर्थात मसुदाही प्रामाणिक हवा. केवळ देखणेपणासाठी अक्षर वर ढकलणारा लेखक अंध वाचकाला नसलेला घातांक देऊन ठेवतो, आणि अशा लेखकांची वाण नाही.

येथवर रूपाची हार दिसते. परंतु रशियन गणिती लेव्ह पोंत्र्यागिन यांची गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. त्यांचीही दृष्टी चौदाव्या वर्षीच एका स्फोटात गेली, आणि त्यांच्या आईने, जी शिवणकाम करणारी, गणित न शिकलेली बाई होती, त्यांना गणिताची पुस्तके वाचून दाखवली. चिन्हांची नावे तिला ठाऊक नव्हती. संचांच्या संयोगाच्या चिन्हाला ती ‘शेपट्या वर’ म्हणे, संचांच्या छेदाच्या चिन्हाला ‘शेपट्या खाली’. तिच्या मुखातून निघे ते निव्वळ रूप, आणि मुलाच्या चित्तात उमटे तो अर्थ. विवेकाचा अधिकार नसलेल्या वाहकाच्या हातूनही अर्थ सुखरूप पोचला, तो ज्याला आपण उपाधी म्हणून झटकू पाहत होतो त्याच्याच खांद्यावर बसून. ध्वनीला क्रम आहे, स्फोटाला, म्हणजे ध्वनीतून प्रकटणाऱ्या अखंड अर्थरूप शब्दाला, क्रम नाही, हे व्याकरणकार भर्तृहरीचे मत मला मान्य आहे. फक्त तो अक्रम अर्थ ज्या वाटेने येतो ती वाट अगदीच निर्गुण असते, हे मान्य करणे जड जाते.

नेमेथांनाही ते सर्वस्वी मान्य नसावे. अपूर्णांक त्यांनी ओळीत ओढून सरळ केला, घातांक चिन्हाच्या स्वाधीन केला. पण संख्यांची सारणी आली तेथे ओळी आणि स्तंभ छापील पानावर होते तसेच राहू दिले. तिच्यापाशी आडवे चालणारे बोट थांबते आणि स्तंभ धरून सरळ खाली उतरते.