चित्राखाली नाव कुणाचं?

रस्त्यावरच्या माणसाचं चित्र काढलं, तर ते चित्र कुणाचं? काढणाऱ्याचं की त्या माणसाचं?

जॉन लॉकवुड किपलिंग हे इंग्रज कलाकार १८६५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले. ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रडयार्डचे हे वडील. १८७० च्या सुमारास सरकारनं त्यांना उत्तरेकडच्या कारागिरांची रेखाटनं करायला पाठवलं. राजे नाहीत, दरबार नाहीत. कामात बुडालेली साधी माणसं त्यांनी काढली. त्यातला सिमल्याचा लाकूड कोरणारा मला फार आवडतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ते चित्र किपलिंगांच्या नावावर आहे. कारागिराचा धंदा कळतो, गाव कळतं. नाव मात्र कळत नाही.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर कोरलेली कष्टकरी माणसंही किपलिंगांचीच. १८६९ ची ती मंडई आज महात्मा फुल्यांच्या नावानं आहे. फुल्यांनीही १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कष्टकऱ्याकडेच पाहिलं, पण त्याच्या पदरात काय उरतं, त्याला कोण लुबाडतं, हे विचारलं. एकानं हात पाहिले, दुसऱ्यानं पोट.

म्हणून किपलिंगांना दोष द्यावा का? मला तसं वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा कारागीर कसा बसायचा, हत्यार कसं धरायचा, हे त्यांनी काढलं नसतं तर आपल्याला कुठं दिसलं असतं? पण मायेनं पाहिलं, तरी तेवढ्यानं देणं फिटत नाही.

हे काही लांबचं नाही, मैत्रिणींनो. आपल्या धारवाडच्या सुभाष रोडवर सणाच्या आदल्या दिवशी बघा. फुलांच्या बुट्टीमागं बसलेल्या अक्काचा कुणीतरी मोबाईलवर फोटो काढतं. “कौतुकानंच काढतोय की, त्यात काय बिघडलं?” पण तो फोटो शंभर जणी बघतात, वाहवा काढणारीला मिळते, आणि अक्काला पत्ताच नसतो. वर तिच्याशीच हातभर माळेसाठी पाच रुपयांची घासाघीस!

आपल्या लेकीचा, सुनेचा फोटो असा परस्पर कुणी काढला, तर चालेल का आपल्याला? मग घरातल्या बाईला जो नियम, तोच बुट्टीमागच्या बाईला. आधी विचारावं. नको म्हणाली, तर मोबाईल पर्समध्ये ठेवावा. हो म्हणाली, तर फोटो तिला दाखवावा, तिची इच्छा असेल तर खाली तिचं नाव लिहावं. आणि फुलं घ्यायचीच असतील, तर ती सांगेल त्या भावानं घ्यावीत.