मास्तरांची वजाबाकी

१९०५ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१० होतात, चढत्या क्रमाने ०१५९. मोठीतून लहान वजा केली की ९३५१ उरतात. याच रीतीने पुढे जा: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आता ६१७४ घेऊन हीच रीत चालवली, तर पुन्हा ६१७४च येतात. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मधे कुठे शून्य आले तर त्याची जागा राखा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ती इथे येऊन थांबते. १९०५ हे ज्यांचे जन्मवर्ष, त्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी हे शोधले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मूळ डहाणूचे. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली त्यांना गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले, दोन वर्षांनी ते बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले आणि उरलेला वेळ अंकांना दिला. ४५चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. ७०३चा वर्ग ४९४२०९, आणि ४९४ अधिक २०९ पुन्हा ७०३. अशा संख्या त्यांनी हुडकून काढल्या. ६१७४ त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पुष्कळसे लेखन त्यांनी स्वतःच पुस्तिका छापून लोकांपुढे ठेवले.

एकाग्रतेविषयी आपण फार मोघम बोलतो. मन लावून कर, असे मुलाला सांगतो; मन लावल्यावर नेमके काय घडते ते सांगत नाही. या वजाबाकीत ते दिसते. सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्या ८,९९१ आहेत. एकेक तपासायला बसले तर माणूस थकून जाईल. पण बराच वेळ हिशेब करत राहिले की ध्यानात येते, की उत्तर दोनच गोष्टींवर ठरते: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्याला ९९९ने आणि दुसऱ्याला ९०ने गुणून बेरीज करा, उत्तर तयार. १९०५मध्ये हे फरक ९ आणि ४. ८९९१ अधिक ३६० म्हणजे ९३५१. अशा जोड्या होतात फक्त ५४. संध्याकाळभरात कागदावर संपणारे काम! हा शॉर्टकट पहिल्या दिवशी हाती लागत नाही. कंटाळा येईपर्यंत वजाबाक्या केल्यावर आणि कंटाळ्यापलीकडेही थोडे टिकल्यावरच तो दिसतो. परिश्रमातला आनंद मला इथे सापडतो. तो फळाची वाट पाहत थांबत नाही, कामाच्या पोटातच असतो.

कापरेकरांच्या कामाकडे आपल्या गणितज्ञांनी फारसे लक्ष दिले नाही. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. यातले बरेचसे गुणधर्म दशमान पद्धतीवर अवलंबून आहेत. दहाऐवजी आठचा पाया धरला तर चित्र पालटते. गणिताच्या मुख्य प्रवाहात हे काम काठावरचेच ठरते, आणि ते मान्य केल्याने मास्तर उणे होत नाहीत. रामानुजनांना हार्डी भेटले, त्यांच्या प्रतिभेची साक्ष केंब्रिजने दिली. कापरेकरांना मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून जगापुढे आणले ते मार्च १९७५मध्ये. तेव्हा ते सत्तरीत होते, निवृत्तीलाही बारा-तेरा वर्षे लोटली होती. तोवर कशाच्या बळावर चालले? माझ्या मते, आपल्याला पडलेला प्रश्न आयुष्य द्यावे इतका खरा आहे, या खात्रीवर. स्वतःच्या थोरवीची खात्री बाहेरच्या एका नकाराने कोसळू शकते. प्रश्नावरच्या विश्वासाला मात्र रोज नवा आधार मिळतो, कारण वजाबाकी बरोबर आली की ती बरोबरच असते. त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही. लोक त्यांना ‘गणितानंद’ म्हणत, ते उगाच नव्हे.

म्हणूनच आजच्या मुलांची काळजी वाटते. गणिताची गोडी असलेले मूल दिसले की आपण त्याला ताबडतोब क्लासला घालतो, रँकच्या रांगेत उभे करतो. तिथे एका प्रश्नाला मिनिट-दीड मिनिट मिळते आणि अडला की तो सोडून पुढे जायचे, हीच युक्ती शिकवली जाते. परीक्षेपुरती ती ठीक आहे. पण अडलेल्या प्रश्नापाशी मुक्काम करण्याची सवय मोडली, तर कष्टांतले समाधान त्या मुलाला कळणार कुठून?

वर्गात ६१७४ फळ्यावर मांडले की कुणीतरी विचारतेच, तीन अंकी संख्येचे काय होते? तिथे ४९५ येतात. मग पुढचा प्रश्न येतो, पाच अंकींचे? त्या एका संख्येवर स्थिरावत नाहीत, ठरावीक चक्रांत फिरत राहतात. हे उत्तर शिक्षकांनी लगेच सांगू नये. वही काढायला लावावी आणि तास संपला तरी मुलांना वजाबाक्या करू द्याव्यात.