रांगेचा धर्म

संपत्तीची वाटणी कशी व्हावी, याविषयी शास्त्रकारांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. क्षणांची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न त्यामानाने उपेक्षितच राहिला. बंगळूरमधील आमच्यासारख्यांच्या घरांत तो आता एका अनपेक्षित वाटेने शिरला आहे. मुले संगणकावर नेमबाजीचे ऑनलाइन खेळ खेळतात, खेळ अडखळू लागला की राउटरची सेटिंग्ज उघडून बसतात, आणि वडीलधारी मंडळी पोरखेळ म्हणून तिकडे काणाडोळा करतात. पण आपला विलंब कमी करण्याचा अधिकार माणसाला कोठपर्यंत आहे, हा प्रश्न काही पोरखेळ नव्हे.

प्रथम हा विलंब येतो कोठून, ते पाहू. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्या बंगळूरच्या मुलाची प्रत्येक हालचाल बहुधा मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाते आणि निकाल घेऊन परतते. या फेरीच्या वेळेस खेळाडू ‘पिंग’ म्हणतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. बंगळूर ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे ८४० किलोमीटर. म्हणजे जाण्यायेण्यास निदान ८ मिलिसेकंद हवेतच, आणि तारा सरळ रेषेत टाकलेल्या नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक लागतात. सिंगापूरचा सर्व्हर वाट्यास आला, तर हाच हिशेब किमान ३२ मिलिसेकंदांवर जातो. हा विलंब भूगोलाचा. मुंबईपासून दूर राहण्याची किंमत आम्हां बदलीवाल्यांस ठाऊकच आहे. ती कोणत्याही सेटिंगने माफ होत नाही.

दुसरा विलंब मात्र घरात जन्मतो. कोणी चित्रफिती पाठवू लागले, की तारेच्या तोंडाशी माहितीच्या पुडक्यांची रांग लागते. उपकरणांत पुडकी साठवण्याची जागा गरजेपेक्षा मोठी असल्यामुळे ती रांग लांबतच जाते, आणि ३० मिलिसेकंदांचा पिंग ३०० वर जाऊ शकतो. या दुखण्यास ‘बफरब्लोट’ म्हणतात. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. पुडके रांगेत किती वेळ तिष्ठले ते पाहून ती रांग आखूड ठेवते. पुढे तिला निरनिराळ्या प्रवाहांना पाळीपाळीने वाट देणाऱ्या रांगांची जोड मिळाली. राउटरची वेगमर्यादा तारेच्या क्षमतेहून किंचित कमी ठेवली, म्हणजे रांग आपल्याच राउटरमध्ये राहते आणि तेथे तिला शिस्त लावता येते.

आता या उपायाशेजारी दुसरा, अधिक लोकप्रिय उपाय ठेवून पाहावा: आपल्या संगणकास सर्वांआधी वाट देणारी अग्रक्रमाची सेटिंग. कचेरीत आयुष्य घालवणाऱ्यांस तिची ओळख करून देण्याची गरज नाही. तो ‘तातडीचे’ असा शिक्काच होय. नेमबाजीच्या खेळास माहिती अगदी थोडी लागते, म्हणून केवळ खेळापुरता अग्रक्रम दिल्यास कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु तो संगणकासच दिला, आणि त्याच संगणकावर खेळाची कित्येक गिगाबाइटची नवी आवृत्ती उतरू लागली, तर आईची कामाची बैठक तुटते आणि साताऱ्याहून बोलणाऱ्या आजोबांचा चेहरा पडद्यावर गोठतो. कोणामुळे, ते कोणासही कळत नाही. उद्या प्रत्येकाने हाच शिक्का आपल्या कागदावर मारला, तर शिक्क्यास अर्थ उरणार नाही. उलट प्रत्येक घराने पाळीची शिस्त स्वीकारली, तर कोणाचेच नुकसान नाही. वायफायऐवजी तार जोडणे हेही तसेच निर्दोष. त्याने दाट वस्तीच्या इमारतीतील हवेवरची गर्दी थोडी कमीच होते.

खेळ रचणाऱ्यांनीही या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे, आणि ते विचार करण्याजोगे आहे. २००१ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी ज्या पद्धतीचे विवेचन केले, तीत सर्व्हर काळ किंचित मागे नेतो आणि गोळी झाडणाऱ्यास त्या क्षणी जे दिसत होते, ते ग्राह्य धरून निवाडा देतो. त्यामुळे दूरचा खेळाडू केवळ दूर आहे म्हणून हरत नाही. मात्र या दयेचा भार दुसऱ्यावर पडतो: स्वतःच्या पडद्यावर भिंतीआड पोहोचलेला खेळाडूही मारला जातो. न्याय येथे फुकट मिळालेला नाही. जवळच्याने दूरच्यासाठी थोडे सोसावे, असा अलिखित करार त्यामागे आहे.

म्हणूनच ‘लॅग स्विच’ वापरणाऱ्याचा अपराध आम्हांस साध्या लबाडीहून मोठा वाटतो. तो स्वतःचे जाळे क्षणभर मुद्दाम तोडतो, प्रतिस्पर्ध्यांस गोंधळात टाकतो आणि खऱ्या दूरस्थासाठी ठेवलेल्या सवलतीत लपतो. खोटा वैद्यकीय दाखला देणारा कर्मचारी रजेपेक्षा अधिक काही लुटतो. त्याच्यामागून येणाऱ्या खऱ्या आजाऱ्याकडेही साहेब संशयाने पाहू लागतात.

‘खेळच तो, एवढे काय?’ असे कोणी म्हणेल. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मज्जाव करणारा कायदा केला, त्यातच ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. तेव्हा राज्यकर्त्यांनीही हे केवळ पोरखेळ मानलेले नाहीत. पण कायदा घरातील राउटरपर्यंत पोहोचत नाही. तेथे कोणाची बैठक, कोणाचा अभ्यास आणि कोणाचा डाव किती मोलाचा, हे घरातल्यांनीच ठरवायचे असते. आणि बहुतेक घरांत ते ज्यास सेटिंग्ज कळतात तोच परस्पर ठरवून मोकळा होतो. ज्ञान असलेल्याने ज्ञान नसलेल्यांच्या नावे घेतलेला हा निर्णय आहे. मुलास दटावण्यात म्हणून अर्थ नाही. त्याच्याशेजारी बसून, तो काय बदलतो आहे हे सर्वांनी समजून घ्यावे, आणि अग्रक्रम हवाच असेल तर त्याने तो मागून घ्यावा.