डॉग्मा थोडे, शिकवण फार

वसईत १५ ऑगस्टला आमची दुहेरी धांदल असते: मिस्सा आणि झेंडावंदन. त्याच दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. त्या आठवड्यात धर्मशिक्षणाच्या वर्गातलं एखादं पोर हमखास विचारतं, "टीचर, मरियामाता मरण पावली की जिवंतपणीच वर गेली?" चर्चने याचं उत्तर दिलेलं नाही, आणि तेही जाणूनबुजून. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी स्वर्गोन्नयनाचा डॉग्मा घोषित केला, तेव्हा मृत्यूचा प्रश्न मोकळाच सोडला. मुलांना हे उत्तर पुरत नाही. मला मात्र फार आवडतं.

चर्च शिकवतं ते सगळं डॉक्ट्रिन, म्हणजे शिकवण. त्यातलं जे खुद्द देवाने प्रकट केलंय असं चर्चने ठरवून दिलं, जे नाकारलं तर पाखंड, तेवढाच डॉग्मा. मरियेचा निष्कलंक गर्भसंभव, म्हणजे ती मूळ पापाविना गर्भात आली हे, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांना पटला नव्हता. त्याचा डॉग्मा झाला १८५४ मध्ये. तोवर तो डॉग्मा नव्हता, म्हणून थॉमस संतच राहिले.

खरा घोळ लिंबोचा. स्नानसंस्काराविना दगावलेलं बाळ लिंबोत जातं, तिथे यातना नाहीत पण देवाचं दर्शनही नाही, असं आमच्या आज्या ऐकत आल्या. संत ऑगस्टिन यांनी तर अशा बाळांना सौम्य का होईना, नरकातलीच शिक्षा सांगितली होती. लिंबो ही मध्ययुगीन पंडितांनी त्यातून काढलेली दयेची पळवाट. ती डॉग्मा कधीच नव्हती. माझ्या आत्याचं जन्मतःच गेलेलं बाळ मात्र तिच्या लेखी कायमचं तिथे अडकलं. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने लिंबोचं नाव न घेता अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं म्हटलं. तोवर आत्या गेली होती. माझा राग पंडितांवर नाही. डॉग्मा आणि अंदाज एकाच सुरात सांगणाऱ्यांवर आहे.

तरी "डॉग्मा नाही ना, मग सोडा" म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. आमच्या वाचनमंडळातले एक काका ही शिकवण डॉग्मा नाही म्हणून फाशीचं समर्थन करतात. मी त्यांना विचारते, "काका, भुकेल्याला जेवू घालावं याचीही कुठल्या पोपने डॉग्मा म्हणून घोषणा केलीय?" ते चष्मा पुसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.