शील आणि वाडगा

मंगोलियातील भटक्या पशुपालकांच्या गोल तंबूला ‘गेर’ म्हणतात. तेथे पाहुण्यापुढे मीठ घातलेला दुधाचा चहा येतो. उन्हाळ्यात ‘आइराग’, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध. वाडगा उजव्या हाताने घ्यावा व उजव्या कोपराला डाव्या हाताचा आधार द्यावा, असा रिवाज आहे. आइरागमध्ये थोडा मद्यांश असतो. मग पंचशील पाळणाऱ्या उपासकाने काय करावे?

वाडगा दूर सारणे सोपे. पण दिलेले नाकारले की देणाऱ्याच्या मनाला काय होते, हे ज्यांच्या हातचे पाणी नाकारले गेले त्यांना सांगायला नको. वाट त्या रिवाजातच आहे. वाडगा घ्यावा, नुसता ओठांना लावावा आणि आदराने परत द्यावा. घरधन्याचा मान राहतो, शीलही राहते.

पाचवे शील प्रमाद टाळण्यासाठी आहे. त्याच्या नावाने दुसऱ्याला हीन लेखले, तर तोही प्रमादच. गेरच्या उंबऱ्यावर पाय देऊ नये, चुलीत केर टाकू नये, हे नियम घरच्यांना आणि पाहुण्यांना सारखेच लागू आहेत. जो शिष्टाचार कोणाला खाली बसवत नाही, तो पाळण्यात कमीपणा कसला?