बांधाची माती

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत पहिला मान पृथ्वीचा. लोक तिला तुडवतात, खणतात, नांगरतात, पण तिचं देणं काही थांबत नाही. भागवताच्या अकराव्या स्कंधातला हा संवाद नाथमहाराजांच्या टीकेमुळे आपल्याकडे घरोघरी पोचला. मीही तो अनेकदा वाचला, मान डोलावली. पण त्याच पृथ्वीचा एक गुंठा, म्हणजे 33 फूट लांब आणि तेवढाच रुंद तुकडा, आपली झोप घालवील असं वाटलं नव्हतं.

निवृत्तीनंतर कृष्णाकाठी एकरभर रान घेतलं. खरेदीखत झालं, फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागलं. मोजणी आधी करून घ्यायची असते, ती मी केली नाही. (पेढे मात्र आधी वाटले!) पहिल्याच उन्हाळ्यात उत्तरेच्या शेजाऱ्याने नांगरटीत बांध कोरला, असं मला वाटलं. ‘वाटलं’ म्हणतो, कारण तो बांध मी त्याआधी जेमतेम दोनदा पाहिला होता. शब्दाने शब्द वाढला. "तुम्ही पैसे घेऊन आलात, आम्ही इथं हाडं झिजवली," तो म्हणाला. मी रागाच्या भरात माझ्या रानातून त्याच्या विहिरीकडे जाणारी पायवाट काट्या टाकून बंद केली.

जुनी वहिवाट अशी अडवता येत नाही. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. पण मला टोचलं ते वेगळंच. त्याची म्हातारी आई घागर घेऊन त्या वाटेने जायची. ती लांबून वळसा घालून जाताना दिसली. त्या संध्याकाळी दत्ताच्या आरतीला माझा आवाज लागेना.

शेवटी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज केला. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, सगळे बांधावर जमले. उत्तरेला माझा साधारण एक गुंठा त्याच्याकडे निघाला. मी मनात म्हटलं, बघ, मी सांगत नव्हतो? एवढ्यात मोजणीवाले दक्षिणेला सरकले. तिथं एका विधवा बाईंची पाऊण गुंठ्याची पट्टी माझ्या उसात निघाली. चूक जुन्या मालकाची असेल, पण ऊस माझा होता आणि आधीच्या तोडीचं बिल मीच घेतलं होतं.

आता क्षमा कोणी कोणाला करायची? उत्तरेकडचं सोडून दिलं की दक्षिणेकडचं आपोआप फिटतं, असा हिशेब मन फार चटकन मांडतं. पण एकाला दिलेल्या सवलतीवर दुसऱ्याचं देणं कसं फिटेल? क्षमा ज्याचं गेलं त्याने करायची, ज्याच्याकडे आलं त्याने परत करायचं. आणि उत्तरेला मी गप्प बसलो असतो तर ती क्षमा की भीती, हे माझं मलाही सांगता आलं नसतं. मनात रोज तो गुंठा मोजत राहायचं आणि तोंडाने ‘जाऊ दे’ म्हणायचं, याला पृथ्वीचं सोसणं म्हणता येत नाही.

आधी दक्षिणेच्या बाईंकडे गेलो, झालं ते सांगितलं, घेतलेल्या बिलातला त्यांचा वाटा पुढे ठेवला. त्यांनी तो मोजून घेतला. मला ते बरं वाटलं. म्हणाल्या, "काका, उभं पीक मोडू नका. तोड झाली की दगड लावू."

मग उत्तरेच्या वाटेवरच्या काट्या उचलल्या. अट काही घातली नाही. माझा गुंठा मात्र सोडलेला नाही. खुणांवर दोघांनी मिळून दगड पुरू, खर्च निम्मा निम्मा, एवढं त्याला सांगितलंय. "सुगी होऊ दे, मग बघू," म्हणाला.

त्याची आई परवा त्या वाटेने गेली. माझ्याशी बोलली नाही. घागर भरलेली होती.