मोटर चालू होती, रॉड थांबला होता



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २५

काल २४ व्या श्लोकात कामना सोडण्याबद्दल वाचलं. आज भगवंत पुढची पायरी सांगतात. साध्या शब्दांत अर्थ असा : धृतीने धरून ठेवलेल्या बुद्धीने मन हळूहळू शांत करावं, ते आत्म्यात ठेवावं, आणि मग दुसरा कसलाच विचार करू नये.

या श्लोकातल्या 'हळूहळू'वर सगळेच बोलतात. मी मात्र या आठवड्यात 'धृती'पाशी अडकलोय. कारण बाबांचा मासे पकडायचा रॉड.

(गीतेत मासेमारी कुठून आली, असं कुणाला वाटेल. ज्या व्यासांनी महाभारत सांगितलं त्यांची आई सत्यवती मासेमारांच्या घरी वाढली होती. एवढं सांगून पुढे जातो.)

बाबा दर पावसाळ्यानंतर अलिबागकडच्या खाडीवर जिताड्यासाठी जातात. त्यांच्या जुन्या रॉडच्या रिंगा सैल झाल्या होत्या. मी हौसेने म्हटलं, मी करतो. रिंग रॉडवर ठेवून तिचे पाय नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळायचे आणि वरून दोन भागांचं इपॉक्सी कालवून ब्रशने लावायचं. इथपर्यंत सोपं आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं. इपॉक्सी कितीतरी तास ओलं असतं. रॉड नुसता ठेवून दिला तर ते ओघळून खालच्या बाजूला लोंबतं. म्हणून रॉड आडवा ठेवून सतत, सावकाश फिरवत राहायचा. मी जुन्या मायक्रोवेव्हमधली थाळी फिरवणारी मोटर लावली, मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांची. रॉडची मूठ पकडायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, त्यात तीन स्क्रू. फिरताना बघून इतका खूश झालो की व्हिडिओ काढला, स्टेटसला टाकला आणि झोपलो.

सकाळी उठलो तर मोटर फिरतेय, पाइप फिरतोय आणि रॉड जागच्या जागी! रिंगा सगळ्या एकाच बाजूला असतात. त्या वर चढताना रॉड जड होतो, नेमका तिथे तो सटकला होता. प्रत्येक रिंगेखाली इपॉक्सीचा कडक थेंब.

बाबा रागावले नाहीत. चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "मोटर चालू होती ना रे? मग धरलं कुणी नव्हतं."

ते रॉडबद्दलच बोलत होते. लागलं मात्र मला दुसरीकडेच. कारण गेले कित्येक महिने माझंही असंच चाललंय. साडेपाचचा अलार्म वाजतो. लोकलमध्ये कानात प्रवचन चालू असतं. ॲपवर रोजच्या वाचनाची साखळी तुटलेली नाही. आणि तरी घरी आल्यावर आईवर तसाच खेकसतो, ऑफिसातल्या सहकाऱ्याची बढती तशीच सलते. साधना फिरत होती, मी तिथेच होतो. खोटं कशाला सांगू, या ब्लॉगवर रोज लिहीत असतानाही.

'धृती' शब्द 'धृ' धातूपासून आला. धृ म्हणजे धरणे. श्लोकात नुसती बुद्धी सांगितलेली नाही, धृतीने *पकडलेली* बुद्धी सांगितली आहे. चांगलं काय ते कळणं वेगळं आणि कळलेलं जड जाऊ लागल्यावर हातात राहणं वेगळं. मनाच्याही रिंगा एका बाजूलाच असतात. दिवस हलका असला की सगळं छान फिरतं. कुणी टोचून बोललं, झोप कमी झाली, की तिथेच सटकतं.

मग घट्ट आवळायचं का? मी आधी तेच केलं. स्क्रू इतके पिळले की मुठीच्या कॉर्कला खड्डे पडले. उघड्या कार्बनच्या नळीवर असं केलं असतं तर ती तडकली असती. साधनेत हे मी आधीही करून बसलोय : एका संकष्टीला ठरवलं, उद्यापासून चार वाजता उठणार, मोबाइल बंद, साखर बंद. नवव्या दिवशी सगळं संपलं.

आणि त्यानंतर काय केलं? तीन आठवडे 'आपल्याने हे होणार नाही' हे धरून बसलो. अठराव्या अध्यायात (श्लोक ३५) भगवंत तामसी धृती सांगतात : झोप, भय, शोक, विषाद, मद हे माणूस सोडतच नाही, तीही धृतीच. हे वाचून मला हसूच आलं. म्हणजे धरायची ताकद होती की माझ्यात! धरलं होतं भलतंच.

परवा ब्लेडने सगळा दोरा कापून काढला. रिंगा पुन्हा बांधल्या. या वेळी स्क्रूच्या टोकांना रबर लावलं, मुठीभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, टोकाकडे फेल्ट लावलेला आधार दिला. इपॉक्सी लावायच्या आधी तासभर रॉड कोराच फिरवून पाहिला. दोनदा सटकला. सुधारला.

काल रात्री इपॉक्सी लावलं. बाबा खुर्ची घेऊन शेजारी बसले. लहानपणी त्यांचे काका मोटरशिवाय हे करायचे म्हणे, दर थोड्या वेळाने हाताने अर्धी फेरी. मी जपाची माळ घेऊन बसलो. मध्येच मन ऑफिसात गेलं, रॉडकडे बघितलं, परत आलं. बारा-साडेबारापर्यंत किती वेळा गेलं ते मोजलं नाही.

जाण्याबद्दल आणि परत येण्याबद्दल उद्याचा २६ वा श्लोक आहे. आज तुमचं कुठे सटकतं ते सांगावंसं वाटलं तर जरूर कळवा.

जय हरी!